प्रकाशाचे व्यापारी



बडोद्यातील आपल्या या शाळेच्या स्मृतिव्याख्यानमालेतील यंदाचे पुष्प गुंफण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी प्रथम आपले मनःपूर्वक आभार मानतो. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्या मुख्याध्यापकांविषयी बोलण्यास माझ्याहून अधिक अधिकारी माणसे समोर बसलेली आहेत. मी त्यांच्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे विद्येकडे आणि ती कोणाच्या स्वाधीन असावी या प्रश्नाकडे वळतो. ओघाने आपल्या शाळेच्या ग्रंथालयाचाही उल्लेख येईल, तो आपण गोड मानून घ्यावा.

मठ असावा, दीक्षा असावी, व्रते असावीत, प्रार्थना असावी. परंतु त्या मठातील साधकांचे सारे आयुष्य ज्ञानाचा शोध घेण्यातच जावे, अशा एखाद्या संप्रदायाचे स्वप्न माणसाने वारंवार पाहिले आहे. यूरोपीय साहित्यात हे स्वप्न दोन थोर लेखकांनी कथारूपाने रंगविले. एक सतराव्या शतकातील इंग्रज फ्रान्सिस बेकन आणि दुसरा विसाव्या शतकातील जर्मन हेर्मान हेसे. दोघांमध्ये तीनशे वर्षांचे अंतर आहे. गंमत अशी की पहिल्याने असा पंथ मोठ्या आशेने उभारला आणि दुसऱ्याने तो उभारून आपल्या नायकाला त्यातून बाहेर काढले. हे असे का व्हावे, याचा आज आपण थोडा विचार करू.

बेकनचा जन्म 1561चा. कायदेपंडित, मुत्सद्दी आणि तत्त्वचिंतक अशा तिन्ही नात्यांनी तो मोठा. 1618 मध्ये तो इंग्लंडचा लॉर्ड चॅन्सेलर झाला आणि 1621 मध्ये लाच घेतल्याच्या आरोपावरून पदभ्रष्ट झाला. चाळीस हजार पौंडांचा दंड आणि लंडनच्या टॉवरमध्ये काही दिवसांचा कारावास अशी शिक्षा त्याला मिळाली. 1626 मध्ये तो निवर्तला. त्याच्या पश्चात, त्याचा धर्मोपदेशक विल्यम रॉली याने ‘न्यू अटलांटिस’ ही त्याची अपुरी राहिलेली छोटी कथा छापली. आपला आजचा पंथ त्या कथेत आहे.

पेरूहून चीन-जपानकडे निघालेले एक गलबत वाऱ्याने भरकटते. बारा महिन्यांचा शिधा संपत येतो, खलाशी आजारी पडतात, सारे मरणाच्या तयारीस लागतात. आणि तोच कोणत्याही नकाशात नसलेले एक बेट दिसते. त्याचे नाव बेन्सालेम. तेथील लोक या पाहुण्यांना अतिथिगृहात ठेवतात, आजाऱ्यांना औषधपाणी करतात. पाहुणे कृतज्ञतेने अधिकाऱ्याला मोहरा देऊ लागतात, तेव्हा तो हसून त्या नाकारतो. एका कामाचे वेतन दोनदा घेणे त्याला अनुचित वाटते. लाचेच्या आरोपाने ज्याची कारकीर्द संपली त्या माणसाच्या लेखणीतून हे चित्र उतरले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे वाचक क्षणभर थबकतो. असो.

या बेटाचा प्राण म्हणजे ‘सॉलोमन्स हाउस’. मी त्याला सालोमनगृह म्हणेन. सोलामोना नावाच्या प्राचीन राजाने ते स्थापिले, असे कथेत सांगितले आहे. सृष्टीतील प्रत्येक वस्तूची कारणे आणि गुप्त हालचाली जाणून घेणे व मानवी सामर्थ्याची सीमा शक्य तितकी वाढविणे, हे त्याचे ध्येय. परंतु ही केवळ प्रयोगशाळा नव्हे. तेथील सदस्य एकमेकांचे धर्मबंधू आहेत. ते ईश्वराची नित्य स्तोत्रे गातात, त्याच्या अद्भुत कृतींबद्दल त्याचे आभार मानतात. किंबहुना या बेटावर ख्रिस्ती धर्म आला तोच मुळी या पंथाच्या साक्षीने. एके रात्री समुद्रावर प्रकाशाचा प्रचंड स्तंभ आणि त्यावर क्रूस दिसतो. नावा घेऊन गेलेल्या लोकांना काही अंतरापलीकडे जाता येत नाही. त्यांतील एका नावेत सालोमनगृहाचा एक ज्ञानी असतो. निसर्गाचे व्यापार, मानवी कसब, नाना प्रकारच्या फसवणुकी आणि खराखुरा चमत्कार यांतील भेद जाणण्याची विद्या आपल्या पंथाला आहे, असे प्रार्थनेत सांगून तो हा चमत्कार खरा असल्याचा निर्वाळा देतो. मग फक्त त्याची नाव मोकळी होते. शास्त्रज्ञाने तपासून पाहिल्यावाचून चमत्कारालाही मान्यता नाही, ही बेकनची कल्पना मला त्याच्या सर्व यंत्रांहून अधिक धाडसी वाटते.

यंत्रेही थोडी नाहीत. सहाशे वाव खोल गुहा, अर्धा मैल उंच मनोरे, नळ्यांतून आवाज दूरवर पोहोचविणारी ध्वनिगृहे, पाण्याखालून जाणाऱ्या नावा, काही अंशी हवेत उडण्याची साधने. शाळकरी मुले ही यादी मोठ्या चवीने ऐकतील. मला मात्र भुरळ पडते ती त्या पंथातील कामांच्या वाटणीची. बारा सदस्य परदेशी जातात. आपण कोठले हे ते सांगत नाहीत. इतर देशांची नावे धारण करून ते पुस्तके, प्रयोगांचे वृत्तान्त आणि नमुने जमवून आणतात. त्यांना बेकन ‘प्रकाशाचे व्यापारी’ म्हणतो. तिघे पुस्तकांतील प्रयोग वेचून काढतात, त्यांना ‘लुटारू’ असे थट्टेचे नाव आहे. तिघे कारागिरांच्या धंद्यांतील क्लृप्त्या गोळा करतात. तिघे ‘खाणकरी’ आपल्या बुद्धीने नवे प्रयोग करून पाहतात. तिघे हे सारे कोष्टकांत मांडतात आणि तिघे त्यांतून लोकांच्या उपयोगाचे काय निघते ते पाहतात. मग सर्वांच्या सभा होतात आणि त्यांनंतर ‘दीप’ नावाचे तिघे अधिक खोल प्रयोगांची दिशा दाखवितात, ‘कलम करणारे’ तिघे ते प्रयोग करतात आणि शेवटी ‘निसर्गाचे भाष्यकार’ तिघे त्यांतून सिद्धान्त काढतात. एकूण सदस्य छत्तीस.

या वाटणीत दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. कारागिराच्या हातातले ज्ञान टिपून घेण्यासाठी बेकनने तीन माणसे स्वतंत्रपणे नेमली. आपल्याकडे लोहार, विणकर, रंगारी यांच्याजवळ अपार ज्ञान होते. पण शास्त्रीमंडळी आणि कारखाना यांच्यामध्ये जातीची भिंत असल्यामुळे ते पोथीत क्वचितच उतरले. दुसरी गोष्ट, सिद्धान्त सांगणारा एकटा महर्षी येथे नाही. तो साखळीतील शेवटचा दुवा आहे आणि त्याच्याआधी तेहतीस जणांचे हात लागलेले आहेत. या दोन गोष्टींसाठी बेकनला आधुनिक विज्ञानसंस्थेचा द्रष्टा म्हणतात, आणि ते योग्यच आहे. आपल्या कामाचे वर्णन फुगवून करणाऱ्यास या पंथात दंड आणि अप्रतिष्ठा अशी शिक्षा आहे, हेही जाता जाता सांगून ठेवतो. पाठ्यपुस्तक मंडळांना तो नियम मानवणार नाही.

परंतु या चित्रात एक काळी रेघ आहे. कोणते शोध जाहीर करावयाचे आणि कोणते नाहीत, हे सालोमनगृहातील मंडळी आपसांत ठरवितात. गुप्ततेची शपथ सर्वांना घ्यावी लागते. काही गोष्टी ते राज्याला कळवितात, काही राज्यालाही कळवीत नाहीत. त्यांच्यापैकी एक ‘पिता’ बारा वर्षांनी नगरात येतो तेव्हा त्याची भव्य मिरवणूक निघते, लोक रस्त्याच्या दुतर्फा शिस्तीने उभे राहतात. त्याची मुद्रा कशी होती? तर साऱ्या मानवजातीची कीव यावी तशी. बेकनने हे स्तुती म्हणून लिहिले आहे. मी ते वाचतो तेव्हा मला मात्र अस्वस्थ वाटते. ज्ञानी माणसाच्या चेहऱ्यावर करुणा शोभते. पण ज्याची कीव करावयाची त्याला आपल्याजवळचे काय द्यावयाचे हेही आपणच ठरविणार असू, तर ती करुणा नव्हे, तो अधिकार झाला. शिवाय या पंथात स्त्रिया आहेत त्या सेवकवर्गात. छत्तीसांत त्यांचा उल्लेख नाही.

बेकनच्या स्वप्नातून प्रेरणा घेऊन 1660 मध्ये लंडनला रॉयल सोसायटी निघाली. थॉमस स्प्रॅटने 1667 मध्ये तिचा इतिहास लिहिला, त्याच्या मुखचित्रात बेकनलाही बसविले आहे. पण या मानसपुत्राने पित्याचा एक नियम मोडला. सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग याने 1665 मध्ये ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले आणि देशोदेशींच्या पत्रांतून कळलेले शोध तो छापू लागला. परदेशांशी चाललेल्या या पत्रव्यवहारामुळे 1667 मध्ये संशयावरून त्याला काही काळ टॉवरच्या तुरुंगात बसावे लागले; म्हणजे प्रकाशाचा हा व्यापारी आपले नाव न लपविता व्यापार करीत होता आणि त्याची किंमतही त्याने मोजली. या उघड्या दाराने पुढे कोण आत आला, ते पाहण्यासारखे आहे. डेल्फ्टचा एक कापडाचा व्यापारी, आंतोनी व्हान लेवेनहूक. त्याला विद्वानांची लॅटिन येत नव्हती. 1673 पासून तो आपल्या डच भाषेत पत्रे लिहून आपल्या भिंगांतून दिसलेल्या सूक्ष्म जीवांची हकिकत कळवू लागला. ती पत्रे भाषांतरित होऊन छापली गेली आणि 1680 मध्ये तो सोसायटीचा सदस्य झाला. सालोमनगृहाच्या दाराशी हा मनुष्य आला असता तर पाहुणा म्हणून त्याचा सत्कार झाला असता. सदस्य म्हणून प्रवेश मिळाला असता की नाही, याची मला शंका आहे. अर्थात रॉयल सोसायटीचेही एक दार दीर्घकाळ बंदच होते. स्त्रियांना तिने सदस्यत्व दिले ते 1945 मध्ये.

लॅटिन न जाणणाऱ्या या माणसामुळे मला आपल्या महानुभावांची आठवण होते, आणि मराठीच्या प्राध्यापकाला ती व्हावी यात नवल नाही. महानुभाव हाही ग्रंथनिष्ठ संन्याशांचा पंथ. केसोबास संस्कृतात ग्रंथरचना करू लागले, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. पंथातल्या म्हाताऱ्या बाया त्यामुळे वंचित होतील, हे त्यांचे कारण. ही हकिकत ‘स्मृतिस्थळा’त आहे. तेराव्या-चौदाव्या शतकांच्या संधिकाळी एका संप्रदायाच्या आचार्याने ज्ञानाची भाषा ठरविताना पंडिताचा नव्हे तर म्हातारीचा विचार केला, ही आपल्या भाषेच्या इतिहासातील फार मोठी घटना आहे. परंतु याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. अक्षरांची अदलाबदल करून केलेली ती ‘सकळ लिपी’ पंथाबाहेरच्याला वाचता येत नसे. परिणामी ‘लीळाचरित्रा’सारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा विसाव्या शतकापर्यंत सामान्य वाचकाच्या दृष्टीआडच राहिला. ज्यांनी म्हातारीसाठी मराठी धरली त्यांच्याच मराठीला कुलूप लागले.

पण कुलूप लावणाऱ्यावर केवळ दोष ठेवून चालणार नाही. ती पोथी टिकली ती त्या कुलपामुळेही. आपल्या जवळचेच उदाहरण घ्या. पाटण येथील जैन ज्ञानभांडारे आपणांपैकी अनेकांनी पाहिली असतील. ताडपत्रावरील पोथ्या कापडात बांधून, लाकडी पेट्यांत ठेवून, मुनींनी आणि संघांनी त्या शतकानुशतके जपल्या. कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, त्यांची झाडपूस आणि पूजा होई. परकी आक्रमणे आली, राज्ये बदलली, परंतु भांडारे राहिली. त्याच पाटणात सिद्धराज जयसिंहाने हेमचंद्राचार्यांच्या व्याकरणाची हत्तीवरून मिरवणूक काढविली आणि त्याच्या प्रती करवून देशोदेशी पाठविल्या, असे परंपरा सांगते. ग्रंथाची मिरवणूक काढणारा राजा मला ज्ञान्याच्या मिरवणुकीपेक्षा जवळचा वाटतो.

पाटण हे बडोदे संस्थानातले. सयाजीराव महाराजांनी तेथील भांडारांकडे लक्ष वळविले आणि चिमणलाल दलाल यांनी त्यांतील पोथ्या तपासल्या. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, 1916 मध्ये दलाल आणि अनंतकृष्ण शास्त्री यांनी संपादून प्रसिद्ध केला. कवी कसा घडतो, त्याने काय वाचावे, दिवसाचे प्रहर कसे वाटून घ्यावेत, हे सांगणारा हा हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ. तो आज कोणत्याही महाविद्यालयाच्या संस्कृत विभागात मुलांच्या हाती दिसतो. अनंतकृष्ण शास्त्री हे पोथ्या जमविण्यासाठी गावोगाव हिंडलेले गृहस्थ. बेकनच्या कथेतील बाराही व्यापारी मला त्यांच्यापुढे कागदी वाटतात.

आता हेसेकडे वळू. हेर्मान हेसेचे हिंदुस्थानशी घराचे नाते होते. त्याचे आजोबा हेर्मान गुंडर्ट हे बासेल मिशनचे पाद्री. मलबारात राहून त्यांनी मल्याळम व्याकरण रचले आणि 1872 मध्ये प्रसिद्ध झालेला मल्याळम–इंग्रजी कोश सिद्ध केला. हेसेची आई तलश्शेरी येथे जन्मलेली. धर्मसेवा आणि ज्ञानसेवा एकाच माणसाच्या अंगी कशी असते, हे हेसेने पुस्तकात नव्हे, घरात पाहिले होते. त्याची ‘ग्लास बीड गेम’ ही महाकादंबरी 1943 मध्ये झुरिकला प्रसिद्ध झाली. नाझी जर्मनीत तिच्या प्रकाशनाला परवानगी मिळाली नव्हती. 1946 मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले.

या कादंबरीत कास्टालिया नावाचा एक विद्याप्रांत आहे. देशभरच्या शाळांतून हुशार मुले निवडून तेथे आणतात. ती पुढे पंथाची दीक्षा घेतात. विवाह नाही, मालमत्ता नाही, प्रसिद्धीची हाव नाही. संगीत, गणित आणि सर्व शास्त्रे यांना एकत्र गुंफणारा एक काचमण्यांचा खेळ ही त्यांची उपासना. हे सारे फार सुंदर आहे. फक्त एकच उणीव: ते नवे काही निर्माण करीत नाहीत. पूर्वजांनी रचलेल्या संगीताचा आणि गणिताचा ते रवंथ करतात, अतिशय सूक्ष्मपणे करतात. युद्धांनी आणि उथळ लेखनाने जग नासले होते, त्यावर उपाय म्हणून हा पंथ जन्मला. आणि जपता जपता त्याचे संग्रहालय झाले.

योझेफ क्नेख्ट हा कथानायक. जर्मनमध्ये क्नेख्ट म्हणजे सेवक, आपल्या भाषेत गडी. हा गडी त्या पंथातील खेळाचा महागुरू होतो. मध्यंतरी त्याला एका बेनेडिक्टाइन मठात पाठविले जाते. तेथील पाद्री याकोबुस त्याला इतिहास शिकवितो आणि त्याच्या लक्षात येते की कास्टालियाही इतिहासाच्या बाहेर नाही. शेतकरी आणि करदाते यांनी पोसले तोवर ती आहे. पुढे सर्वोच्च पदावर असताना तो मंडळाला पत्र लिहितो आणि मागणी करतो ती कोणती? साध्या शाळामास्तराची जागा. मंडळ नकार देते. तो पद सोडून बाहेर पडतो आणि आपल्या जुन्या मित्राच्या मुलाचा, टीटो नावाच्या एका हट्टी पोराचा, शिक्षक होतो. पहिल्याच दिवसांत, पहाटे, मुलामागून तो थंडगार डोंगरी तळ्यात उडी घेतो आणि बुडून मरतो. अनेक टीकाकारांना हा शेवट अपयशाचा वाटतो. मला तसे वाटत नाही. छत्तीस ज्ञानी एका बाजूस आणि काठावर थरथरत उभा असलेला तो एक मुलगा दुसऱ्या बाजूस ठेवला, तर हेसेने कोणाला निवडले हे स्पष्ट आहे. मुलाच्या जन्मात यापुढे काय घडणार, हे त्याने वाचकावर सोडले आहे.

आणि न्याय करावयाचा तर बेकनलाही हे आतून ठाऊक असावे. त्याच्या कथेच्या अखेरीस तो ‘पिता’ पाहुण्याला सालोमनगृहाचे सारे रहस्य सांगतो आणि इतर राष्ट्रांच्या हितासाठी ते प्रसिद्ध करण्याची मुभा देतो. ही मुभा दिली नसती तर आपल्या हाती ती कथाच आली नसती. गुप्ततेची शपथ मोडल्यामुळेच त्या पंथाची वार्ता जगाला कळली. तेथेच कथा तुटते. पुढचे बेकनने लिहिले नाही.

आपल्या नगरीत मात्र पुढचे घडले. सयाजीरावांनी 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि 1906 मध्ये तो साऱ्या संस्थानाला लागू केला. मग त्यांच्या ध्यानात आले की वाचायला शिकलेल्या माणसाला पुस्तक मिळाले नाही तर तो वाचणे विसरतो. म्हणून 1910 मध्ये विल्यम बोर्डेन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले. मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, त्यात स्त्रियांचा आणि मुलांचा स्वतंत्र विभाग झाला. आणि खेड्यापाड्यांसाठी लाकडी पेट्यांत पुस्तके भरून फिरती ग्रंथालये निघाली. मोतीभाई अमीन यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी त्या कामात आयुष्य घातले. पाटणच्या भांडारातही लाकडी पेटी आहे आणि फिरत्या ग्रंथालयाचीही लाकडी पेटीच. एक जागेवर राहिली म्हणून हजार वर्षे टिकली. दुसरी गावोगाव हिंडून झिजली, तिच्यातली पुस्तके फाटली, काही परत आलीच नसतील. या गावाने दोन्ही पेट्या पाहिल्या, हे आपले भाग्य.

शेवटी ग्रंथालयाची गोष्ट. या स्मृतिनिधीतून शाळेतील जुन्या मराठी पुस्तकांसाठी काचेची कुलूपबंद कपाटे करावीत असा विचार आहे, असे मला चिटणीसांनी सांगितले. मराठी वाचणारी मुले कमी होत आहेत, पुस्तके तरी सुरक्षित राहावीत, ही त्यामागची कळकळ मी समजू शकतो. ज्यांची दुसरी प्रत कोठे मिळणार नाही अशी पुस्तके जरूर कपाटात ठेवावीत. उरलेल्यांसाठी माझी सूचना अशी की त्याच पैशांत वीस-पंचवीस पुस्तके मावतील अशा चार-पाच पेट्या कराव्यात आणि माजी विद्यार्थ्यांनी त्या महिन्या-महिन्याने आपापल्या घरी न्याव्यात. ज्या घरात नातवंडे गुजराती किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात त्या घरी आधी. आजोबांनी वाचून दाखवावे, मुलांनी पाने दुमडावीत. पहिली पेटी माझ्या घरी पाठवावी. परत आणून देण्याची जबाबदारी मी घेतो.